ईजीआरला पत्रा मारावा काय?

डिझेल गाडीचे लाखभर किलोमीटर झाले, पिकअप मंदावला, चेक इंजिनचा दिवा अधूनमधून पेटू लागला, की गॅरेजात ठरलेला सल्ला मिळतो: "ईजीआरला पत्रा मारून टाकू साहेब, कटकटच मिटेल." सल्ला देणारा अडाणी नसतो. उघडलेल्या इनटेक मॅनिफोल्डमधला डांबरासारखा चिकट थर तो बोटाने खरवडून दाखवतो आणि भल्याभल्यांना पटतं. तेव्हा 'नियमात बसत नाही' एवढ्यावर त्याची बोळवण करून चालणार नाही.

मुळात पत्रा मारून जिची वाट बंद करायची ती ही यंत्रणा, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, करते काय? सिलिंडरमधून निघालेल्या वायूंचा काही भाग, बहुधा कूलरमधून गार करून, ती पुन्हा आत पाठवते. त्यामुळे आतला ऑक्सिजन घटतो आणि ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं. ते उतरवणं एवढ्यासाठी की, हवेतला नायट्रोजन एरवी कोणाच्या अध्यातमध्यात नसतो, पण दीड हजार अंश सेल्सियसच्या पुढे तो ऑक्सिजनशी झपाट्याने संयोग पावतो. त्यातून तयार होणारे नायट्रोजन ऑक्साइड पुढे उन्हात ओझोनला आणि हवेतल्या सूक्ष्म कणांना जन्म देतात.

आता पूर्वपक्ष. पहिला दावा पिकअपचा: ईजीआर गाडीची ताकद खातो. पण खंबाटकीच्या चढावर आपण अ‍ॅक्सिलरेटर पुरता दाबतो, तेव्हा ईजीआरचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच असतो. त्याचं काम हलक्या आणि मध्यम भाराचं. घाटात गाडी ओढत नसेल तर व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकलाय का, ते आधी पाहावं. तसं असेल तर बिघाड त्या सुट्या भागाचा आहे आणि पत्रा मारल्यावर जाणवणारा फरकही तो बिघाड झाकला गेल्याचा. पत्रा मारल्यावर अ‍ॅव्हरेज वाढतं, या दुसऱ्या दाव्यातही याहून फार दम नाही. पेट्रोल इंजिनांत तर गार केलेला ईजीआर इंधन वाचवण्यासाठीच बसवतात. २००९ च्या टोयोटा प्रियसमध्ये तो त्याच हेतूने होता.

काजळीचा आक्षेप मात्र खरा आहे. ईजीआरमधून येणारी काजळी आणि क्रँककेसच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ एकत्र येऊन तो थर बसतो. कूलर फुटण्याची भीतीही खोटी नव्हे: २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्या पेटल्या, त्याचं मूळ ईजीआर कूलरच्या गळतीत सापडलं आणि लाखाहून अधिक गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण तिथे उपाय म्हणून सदोष कूलर बदलले गेले, यंत्रणा काढून टाकली नाही.

शेवटचं हुकमाचं पान म्हणजे पीयूसी. "पत्रा मारला तरी पीयूसी निघतं, उलट धूर कमी होतो." हे अगदी खरं आहे, आणि गोम इथेच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. ईजीआर बंद केला की आत ऑक्सिजन वाढतो, काजळी घटते आणि कागद आणखी स्वच्छ निघतो. डोळ्यांना न दिसणारा विषारी वायू मात्र वाढतो. बीएस-४ डिझेल कारला त्याची मर्यादा किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम होती, एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ०.०८ झाली. ही मर्यादा कारखान्यातून निघताना पाळली गेली आणि गॅरेजात मोडली गेली, तर मोडल्याचा पत्ता लागणार कुठे?

याची मोठी आवृत्ती आपण पाहिली आहे. २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं बिंग फुटलं. कंपनीच्या युरोपातल्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर चाचणी ओळखून ईजीआरचं प्रमाण वाढवायचं आणि रस्त्यावर आल्यावर ते घटवायचं. भारतात पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयने चाचण्या केल्या आणि सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवायची घोषणा झाली. तेव्हा कंपनीला लबाड म्हणणाऱ्यांपैकी काहींनी पुढे आपल्याच गाडीला पत्रा मारून घेतला असेल, तर नवल नाही. कंपनी निदान चाचणीपुरती तरी यंत्रणा चालू ठेवत होती! नव्या गाड्यांत नुसत्या पत्र्याने भागत नाही, संगणकालाही रीमॅप करून फसवावं लागतं. आणि कायदा? मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे निकष मोडल्यास पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. तपासणारं यंत्रच नसताना ही तरतूद कोणाला भिववणार?

तर करायचं काय? व्हॉल्व्ह उतरवून साफ करून घ्यावा, मॅनिफोल्डही. कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं ऑइल वापरावं. रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फेरी असेल तर इंजिन पुरतं तापतच नाही. म्हणून अधूनमधून गाडी हायवेवर मोकळी पळवावी. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर कूलर त्वरित तपासावा. पत्र्यापेक्षा हे काम वेळखाऊ आहे, त्यामुळे गॅरेजचा कल कुठे जातो ते उघड आहे. पण नव्या व्हॉल्व्हची किंमत ऐकून मालकाला घाम फुटतो, त्याला जबाबदार कंपन्या आहेत. हात पोचणार नाही अशा जागी व्हॉल्व्ह बसवायचा आणि त्याची सफाई सर्व्हिसच्या वेळापत्रकातून वगळायची, ही त्यांची सोय झाली. उत्सर्जनाशी संबंधित भागांची वॉरंटी वाढवा, हे भांडण त्यांच्याशी मांडावं. आणि पीयूसी केंद्रांत नायट्रोजन ऑक्साइड मोजणारं यंत्र बसवा, हे परिवहन खात्याशी.