आजी गाडीतच का बसाव्यात?

भंडारा जिल्हा म्हटला की तलाव, धान आणि पितळेची भांडी आठवतात. डोंगर सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. परंतु जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्या गावांच्या अगदी जवळ आल्या आहेत. दिवाळीनंतर हवा निवळली की व्यापारी कुटुंबे एखाद्या सुटीच्या दिवशी तिकडे निघतात. एका गाडीत तीन पिढ्या बसतात. पायथ्याशी गाडी थांबते, मुले धावत वर जातात आणि कोणीतरी सहज म्हणते, "आजी, तुम्ही गाडीतच बसा. आम्ही तासाभरात आलोच." तो तास पुढे तीन तासांचा होतो. सायंकाळी घरी छायाचित्रे पाहिली जातात, तेव्हा आजी एकाही छायाचित्रात नसतात. त्यांच्या सोबतीस, डबे सांभाळत थांबलेली सूनही नसते.

यात कोणाचा वाईट हेतू नसतो. सहलीचे मोजमाप माथ्यावरून केले जाते, एवढीच चूक. ज्याला माथा गाठता येत नाही, त्याच्या वाट्याला मग त्या दिवसातून काहीच येत नाही. त्याऐवजी प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे वाट वेगळी ठेवावी आणि जेवणाची जागा व वेळ मात्र सर्वांची एकच असावी.

तुमसरजवळचा अंबागड अशा आखणीस सोयीचा आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सरदार राजाखान पठाण याने इ.स. 1700 च्या सुमारास हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्याचा उपयोग कैदखाना म्हणून झाला. ज्यांचे पाय धड आहेत, त्यांनी पायऱ्यांनी चढून तटबंदी व बुरूज पाहून यावेत. ज्यांना दम लागतो, त्यांनी पहिल्या काही टप्प्यांपर्यंत जावे, बसावे आणि खालचे रान पाहून परतावे. ज्यांना पायऱ्याच वर्ज्य आहेत, त्यांनी पायथ्याच्या सपाट वाटेवर सावलीत फिरावे. अंबागडच्या परिसरातच महाशिवरात्रीच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले गायमुख हे ठिकाण आहे. दिवसाचा उरलेला भाग सर्वांनी मिळून तेथे घालविता येतो.

वेळेचा अंदाज बांधण्यासाठी एक जुना नियम उपयोगी पडतो. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये तो मांडला: दर 3 मैलांस एक तास आणि दर 2000 फूट चढास आणखी एक तास. हा हिशेब सराव असलेल्या धडधाकट माणसांचा आहे. मुले आणि वडीलधारी मंडळी सोबत असतील तर वेळ दुप्पट धरणेच शहाणपणाचे. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. ज्या घरी सूर्यास्तापूर्वी जेवण होते, त्यांनी परतीची वेळ निघण्याआधीच ठरवावी आणि माथा हाकेवर असला तरी ती पाळावी.

खरा धोका अनेकदा भिडेतून येतो. "इथवर येऊन वर जायचे नाही, हे कसे?" असे म्हणत साठीतले गृहस्थ दम कोंडून चढत राहतात. वर्षभर गादीवर बसून काम करणाऱ्या देहाला हा अचानक भार झेपत नाही. चालताना दोन वाक्ये सलग बोलता येत नसतील तर थांबावे. छातीत दडपण किंवा भोवळ जाणवली तर चढणे सोडून तत्काळ मदत मिळवावी. हृदयविकार किंवा गुडघेदुखी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चढताना छातीची परीक्षा होते, उतरताना गुडघ्यांची. म्हणून काठी उतरण्यासाठीही जवळ हवी. अर्ध्यावरून परतणाऱ्यासोबत घरातील एक जाणते माणूस असावेच.

ज्यांना चढ नकोच, त्यांच्यासाठी जिल्ह्याच्या दक्षिणेस वैनगंगेकाठची पवनी आहे. 1969-70 मधील उत्खननात तेथे प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष मिळाले. जुन्या गावाची तटबंदी आणि नदीचे घाट सावकाश पाहताना सकाळ सहज सरते. सिहोऱ्याजवळील चांदपूर येथे टेकडीवर हनुमानाचे मंदिर आहे आणि जवळच विस्तीर्ण जलाशय. अर्धे कुटुंब टेकडीवर व अर्धे पाण्याकाठी, अशी वाटणी तेथेही होते. कोका हे 2013 मध्ये घोषित झालेले अभयारण्य मात्र वन्य प्राण्यांचे घर आहे. तेथे मनास येईल तसे पायी भटकता येत नाही.

दर माणशी किमान दोन लिटर पाणी, डोक्यास टोपी, पायात घट्ट बसणारे बूट आणि कोरडा खाऊ एवढी तयारी पुरे. जुन्या बुरुजांवर मधमाश्यांची पोळी असू शकतात; तेथे दगड मारू नये, धूर करू नये. फेब्रुवारीनंतर विदर्भाचे ऊन कोणाचीच गय करीत नाही, म्हणून हा बेत थंडीतच उरकावा.

अशा सहलीसाठी खर्च वाढत नाही, अंतरही वाढत नाही. निघण्यापूर्वी घरात एक प्रश्न मात्र वेगळा विचारावा लागतो. "आजी, तुम्ही गाडीत बसाल ना?" याऐवजी, "आजी, तुमच्यासोबत आपण कुठवर जाऊ?" आजी कदाचित वीसच पायऱ्या सांगतील. त्या दिवशी नातवंडांनी आधी त्या वीस पायऱ्या त्यांच्या चालीने चढाव्यात. किल्ला त्यानंतरही जागेवरच असतो.