ई-पासला आकडा हवा
मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून उटी आणि कोडाईकनालला जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्यांना ई-पास सक्तीचा झाला. सुरुवातीला मागेल त्याला पास मिळे. म्हणजे गर्दी मोजली गेली, हटली नाही. १ एप्रिल २०२५ पासून उटीच्या निलगिरी जिल्ह्यात एरवी रोज ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० गाड्यांची मर्यादा आली, तेव्हा कुठे नाक्यावर क्यूआर कोड तपासण्याला अर्थ आला. आपल्या कासच्या फुलांच्या पठारालाही ऑनलाइन नोंदणी आहे. पण जांभ्यावरची तिथली बोटभर माती किती पावलं सोसेल, हे सर्व्हर कसं सांगणार? ते वनस्पतीशास्त्रज्ञांनाच विचारावं लागतं. मर्यादेमुळे धंदा बसतो, अशी उटीच्या व्यापाऱ्यांची ओरड आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. मात्र सरकारी बसला पास लागत नाही. अडते ती खासगी गाडी. बसने येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाट मोकळीच आहे.