विद्यापीठात तयार झालेले उपकरण रुग्णापर्यंत कधी पोहोचते?

‘डॉक्टर, हे मशीन आपल्याकडे कधी येणार?’ मोबाइलवरची बातमी दाखवत नातेवाईक हा प्रश्न ओपीडीत नेहमी विचारतात. कुठल्यातरी संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी सुई न टोचता रक्तातली साखर मोजणारे यंत्र केलेले असते, किंवा स्वस्त कृत्रिम पाय बनवलेला असतो.

अशी बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. पण ती ‘प्रोटोटाइप’ची, म्हणजे पहिल्या नमुन्याची असते. नमुना आणि उपचार यांच्यात अनेक वर्षांचे अंतर असू शकते. हे लक्षात न आल्याने काही जण ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलतात किंवा ग्लुकोमीटर वापरणे सोडतात. खरे नुकसान तिथे होते.

हे काम कोण करते?

व्हेंटिलेटर, डायलिसिस मशीन, पेसमेकर, एमआरआय यांमागे बायोमेडिकल इंजिनिअरिंग ही शाखा आहे. तिच्यात इंजिनिअरला रुग्णालयही समजून घ्यावे लागते. म्हणूनच आयआयटी मद्रास, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था यांनी मिळून क्लिनिकल इंजिनिअरिंगचा एम.टेक. अभ्यासक्रम चालवला आहे. आपल्याकडे आयआयटी मुंबईत 2014 मध्ये ‘बेटिक’ हे केंद्र सुरू झाले. तिथे डॉक्टर अडचण सांगतात आणि इंजिनिअर त्यावर उपकरण तयार करतात. पुण्याचे सीओईपी आणि नागपूरचे व्हीएनआयटीही या कामात सहभागी झाले.

एका झडपेची गोष्ट

संधिवाताच्या तापामुळे तरुण वयातच हृदयाची झडप खराब झालेले रुग्ण आपल्या देशात खूप आहेत. परदेशी कृत्रिम झडप अनेकांना परवडत नसे. म्हणून श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या पुढाकाराने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय झडपेवर काम सुरू झाले.

पहिली तीन मॉडेल्स सोडून द्यावी लागली. कारण सोपे आहे: हृदयाची झडप दिवसाला सुमारे एक लाख वेळा, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा उघडते आणि मिटते. थोडीशी झीज किंवा बारीक तडा रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. चौथे मॉडेल प्रयोगशाळेतल्या आणि प्राण्यांवरच्या चाचण्यांत टिकले. डिसेंबर 1990 मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला बसवले गेले. 1995 पासून ‘टीटीके चित्रा’ या नावाने ते बाजारात आले आणि पुढे एक लाखाहून अधिक रुग्णांना बसवले गेले.

पहिल्याच मॉडेलची बातमी वाचून एखाद्या रुग्णाने थांबायचे ठरवले असते, तर त्याला दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली असती.

नियम काय सांगतात?

‘मेडिकल डिव्हाइस रूल्स, 2017’ नुसार उपकरणांचे धोक्याप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. जीभ दाबायची पट्टी ए वर्गात, इंजेक्शनची सुई बी मध्ये, व्हेंटिलेटर सी मध्ये आणि हृदयाची झडप डी मध्ये येते. धोका जितका जास्त, तितकी तपासणी कडक. ए वर्गातली काही साधी उपकरणे वगळता ए आणि बी वर्गासाठी ऑक्टोबर 2022 पासून, तर सी आणि डी साठी ऑक्टोबर 2023 पासून परवाना सक्तीचा झाला आहे.

मात्र सगळाच उशीर सुरक्षेसाठी होतो असे नाही. विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो, निधी संपतो, उत्पादन करायला कंपनी पुढे येत नाही. चांगली उपकरणेही अशी कपाटात राहतात. हा दोष व्यवस्थेचा आहे आणि त्यावर बोलले गेलेच पाहिजे. पण त्यावर उपाय म्हणून चाचण्या गाळता येणार नाहीत.

बातमी वाचल्यावर हे विचारा

• उपकरण माणसांवर तपासले आहे का? किती जणांवर?
• परवाना मिळाला आहे, की फक्त पेटंट? पेटंट म्हणजे कल्पना नवी असल्याची नोंद. उपकरण सुरक्षित असल्याचा तो पुरावा नव्हे.
• माझ्या आजारासाठी, माझ्या वयाच्या रुग्णांत ते उपयोगी ठरले आहे का?
• ते येईपर्यंत माझे सध्याचे उपचार कोणते चालू ठेवायचे?

चाचणीत सहभागी व्हायला सांगितले तर

घाबरू नका, पण घाईही करू नका. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागा आणि घरच्यांसोबत वाचा. चाचणीला एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, चाचणीमुळे इजा झाल्यास उपचारांचा खर्च कोण करणार, हे विचारा. नकार देण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत.

उपकरण बसवल्यावरही काळजी संपत नाही. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते आणि आयएनआर तपासणी नियमित करावी लागते. कोणत्याही उपकरणामुळे त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा आणि त्याची नोंद करायला लावा. 2015 पासून अशा तक्रारी नोंदवण्यासाठी ‘मटेरिओव्हिजिलन्स’ हा राष्ट्रीय कार्यक्रम आहे.

पुढच्या वेळी अशी बातमी दिसली, तर ती जरूर घेऊन या, आपण सोबत वाचू. तोवर चालू असलेली गोळी, तपासणी आणि शस्त्रक्रियेची तारीख चुकवू नका.