ओझ्याची सायकल

साहित्याच्या वर्गात 'ओझे' हा शब्द उच्चारला, की त्याचे वजन तत्काळ हरपते आणि उरते ते केवळ प्रतीक. ही घाई आम्हांला खटकते.

१९५४ साली दिएन बिएन फूच्या वेढ्यात व्हिएतनामी हमालांनी डोंगरवाटांनी सायकलींवरून तांदूळ वाहिला. त्यांतल्या कित्येक सायकली प्यूजो बनावटीच्या. फ्रेंचांच्या सायकली फ्रेंचांवरच उलटल्या, हा उपरोध सर्वांना आवडतो. आमचे लक्ष मात्र बांबूकडे जाते. हँडलला एक लांब बांबू बांधायचा, सीटमागे दुसरा उभा करायचा, सांगाड्याला जास्तीचा आधार द्यायचा. पोती दोन्ही अंगांना. माणूस सायकलीवर बसत नाही, शेजारून चालतो. एका हाताने दिशा, दुसऱ्याने तोल. अशा एका सायकलीवरून दोनशे किलो, क्वचित तीनशेहून अधिक वजन नेल्याच्या नोंदी आहेत.

मराठीत आपण सायकल 'चालवतो'. इथे सायकलीबरोबर माणूसच चालतो आहे, आणि या कृतीसाठी आपल्या कथेकडे धड क्रियापद नाही. आम्ही वाचलेल्या कथांतली सायकल बहुधा मास्तरांची, पोस्टमनची किंवा कॉलेजकुमाराची: स्वार झालेल्यांची. चढावर शहाळ्यांचे घड लादलेली सायकल ढकलणारा त्यांत दिसलाच, तर समीक्षक त्याला 'शोषिताचे प्रतीक' म्हणून मोकळे होतात. घड कशाने बांधले होते, काथ्याने की जुन्या ट्यूबने, आणि एक घड उतरवल्यावर दुसऱ्या बाजूचा तोल तो कसा राखतो, हे विद्यार्थ्यांना आधी विचारावे.