यादी, नाते आणि तंबोरा

गेल्या वर्षी आमच्या एका लहानशा संगीतसंस्थेला केंद्र सरकारचे अनुदान मिळाले. मी त्या संस्थेच्या कार्यकारी मंडळावर आहे. अनुदान मोठे नव्हते. परंतु संस्थेचे तंबोरे जुने झाले होते, दोन भोपळ्यांना चिरा गेल्या होत्या, आणि मुलांना यंत्राच्या तंबोऱ्यावर स्वर लावायला शिकवणे माझ्या जिवावर येत होते. चार नवे तंबोरे घ्यावेत असे ठरले. खरेदी झाली, मुले त्यांवर गाऊ लागली, आणि मग मार्च महिन्यात हिशेबतपासनीस आले.

त्यांनी बिल पाहिले. रक्कम १,४४,००० रुपये. मग त्यांनी आमच्या कार्यवाहांना विचारले, ''या व्यापाऱ्याचे नाव सरकारच्या काळ्या यादीत नाही, हे आपण कोठे आणि कधी पाहिलेत?'' कार्यवाह म्हणाले, ''अहो, चाळीस वर्षांचे दुकान आहे त्यांचे. अख्खे बडोदे ओळखते.'' तपासनीस शांतपणे म्हणाले, ''ते ऐकले. मी पाहिल्याविषयी विचारतो आहे.''

पाहिले कोणीच नव्हते. त्या दिवसापासून मी या विषयाचे जे वाचन केले, ते वाचकांपुढे ठेवावे असे वाटते. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा शहरांतून आपल्या कितीतरी वाचनालयांचा, नाट्यमंडळांचा आणि गायनशाळांचा संसार आज थोड्याफार सरकारी अनुदानावर चालतो. त्यांच्या कार्यवाहांवर आज ना उद्या हीच वेळ यायची आहे.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमावलीतील १५१ वे कलम पुरवठादारांना व्यवहारातून दूर ठेवण्याविषयी आहे. लाचलुचपतीच्या कायद्याखाली ज्याला शिक्षा झाली, किंवा सरकारी कंत्राट पुरे करताना ज्याच्या अपराधाने जीवित-वित्ताची हानी झाली, त्याला तीन वर्षांपर्यंत दूर ठेवता येते. सचोटीची अट मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत. त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावाचून मात्र असे करता येत नाही. काळ्या यादीत घालण्यापूर्वी सुनावणी हवी हे सर्वोच्च न्यायालयाने सत्तरच्या दशकातच सांगितले होते, आणि अशी बंदी बेमुदत असू नये हे २०१३ च्या कुलजा इंडस्ट्रीजच्या खटल्यात सांगितले. म्हणजे ही यादी कोणाला जन्मभर वाळीत टाकण्यासाठी नाही. लोकांचा पैसा काही काळ भलत्या हातात जाऊ नये, एवढाच तिचा हेतू आहे.

त्याच नियमावलीतील १५४ आणि १५५ ही कलमे आमच्यासारख्यांच्या अधिक उपयोगाची. २०१७ च्या मूळ मर्यादेप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंतची वस्तू दरपत्रके न मागवता घेता येई. अट एवढीच, की माल योग्य प्रतीचा आहे, विक्रेता विश्वासाचा आहे आणि भाव वाजवी आहे, असे घेणाऱ्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावे. त्यापुढे, त्याच मूळ मर्यादेप्रमाणे अडीच लाखांपर्यंत, तिघांच्या समितीने बाजारात चौकशी करून दाखला द्यायचा असे. त्या दाखल्यात विक्रेत्यावर बंदी नसल्याचा स्पष्ट उल्लेख असावा लागतो. आमची खरेदी याच टप्प्यात बसत होती.

ही कलमे सरकारी खात्यांसाठी आणि स्वायत्त संस्थांसाठी आहेत. आमच्यासारख्या नोंदणीकृत मंडळांना ती थेट लागू होत नाहीत. ती येतात मंजुरीपत्रातून. आमच्या पत्रात एक ओळ होती, की खर्च सरकारी वित्तीय नियमांस अनुसरून करावा. त्या एका ओळीत सगळी नियमावली सामावलेली असते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही रक्कम वाचली आणि पत्र फायलीला लावले. पैसा खर्चल्याचे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांच्या आत द्यावे लागते, आणि मंजुरी देणाऱ्या खात्याला व महालेखापरीक्षकांना आमचे हिशेब पाहण्याचा अधिकार असतो, हेही तपासनिसांनीच समजावून सांगितले.

कोणी म्हणेल, गायनशाळेला हा जाच कशाला? त्याला उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयापुढे स्वयंसेवी संस्थांच्या हिशेबांचे प्रकरण चालले. देशात अशा सुमारे तीस लाखांवर संस्था असून वेळच्या वेळी हिशेब देणाऱ्या त्यांतल्या जेमतेम दहावा हिस्सा आहेत, असे त्यात पुढे आले; आणि २०१७ च्या जानेवारीत न्यायालयाने सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थांचे हिशेब तपासण्याचा आदेश दिला. हे वाचून मला राग आला नाही, लाज वाटली. आपण दहांतल्या नऊंत नाही, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नव्हतो.

याच सुमारास माझ्या एका जुन्या शिष्येचा अमेरिकेहून फोन आला. तिकडे ती एका धर्मादाय संगीतसंस्थेचे काम पाहते. मी तिला आमची अडचण सांगितली तेव्हा ती हसली. तिच्या कपाटात त्यासाठी एक वेगळी फाइलच आहे म्हणाली. तिकडची रीत समजून घेण्यासारखी आहे. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८६ साली आज्ञा काढून असे ठरवले, की एका खात्याने ज्याला दूर केले त्याच्याशी केंद्राच्या अनुदानाच्या पैशातून दुसऱ्या कोणीही व्यवहार करू नये. ही आज्ञा पुढे नियमांत उतरली, आणि ते नियम अनुदान घेणाऱ्या धर्मादाय संस्थांना सरळ बांधतात. २५,००० डॉलर किंवा त्याहून मोठे कंत्राट द्यायचे झाले, की संस्थेने आधी समोरच्याची खातरजमा करायची. तिचे तीन मार्ग नियमांतच दिले आहेत : सरकारच्या संकेतस्थळावरील यादीत नाव शोधावे, किंवा त्याच्याकडून लेखी कबुली घ्यावी, किंवा करारातच तशी अट घालावी. तिन्हींपैकी एक पुरे. मात्र अनुदानाचा वाटा दुसऱ्या संस्थेला पुढे द्यायचा असेल, तर रक्कम कितीही लहान असो, खातरजमा केलीच पाहिजे. हे न करता बंदी असलेल्याशी व्यवहार केला, तर तो खर्च नामंजूर होऊ शकतो, अनुदान थांबू शकते, आणि प्रसंगी खुद्द संस्थेवरच बंदी येऊ शकते.

आता दोन्हींची तुलना करावी. आपली २०१७ ची मूळ मर्यादा धरली तर आकडा दोन्हीकडे २५,००० चाच होता, केवळ नाणे वेगळे. परंतु खरा फरक आकड्यात नाही. तिकडे यादी एका ठिकाणी आहे, नाव टाकले की उत्तर मिळते. आपल्याकडे वित्त मंत्रालयाच्या नोव्हेंबर २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एखाद्या मंत्रालयाने घातलेली बंदी त्या मंत्रालयापुरतीच असते; सर्व मंत्रालयांना लागू होणारी बंदी वेगळी, आणि तिची यादी केंद्रीय खरेदीच्या संकेतस्थळावर वेगळी. राज्यांच्या आणखी निराळ्या. तेव्हा आमच्या कार्यवाहांनी पाहायचे ठरवले असते तरी कोठे पाहायचे, हा प्रश्न उरलाच असता. तिकडे कोणत्या रकमेपासून काय करायचे हे संस्थेला उद्देशून लिहिले आहे. इकडे मंजुरीपत्रात एक ओळ. संदिग्ध नियमाचा परिणाम दोन प्रकारचा होतो. बेफिकीर माणूस तो मुळीच पाळत नाही, आणि भित्रा माणूस तो वाजवीपेक्षा जास्त पाळतो. आमच्या संस्थेने या दोन्ही चुका एकाच खरेदीत केल्या.

ते कसे, हे सांगणे मला भाग आहे. तंबोरे मिरजेहून घ्यावेत, असे मीच सुचवले होते. मिरजेच्या तंतुवाद्यांचा लौकिक मी सांगायला नको. पटवर्धनांच्या संस्थानात शस्त्रांना धार लावणारी शिकलगार मंडळी एकोणिसाव्या शतकात वाद्ये दुरुस्त करू लागली, आणि फरीदसाहेबांपासून सतार-तंबोऱ्यांचा हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि त्यांच्या हाताची जवारी यांना तोड नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मी ज्यांच्याकडे विचारले त्या कारागिरांनी एका तंबोऱ्याचे ३१,५०० रुपये सांगितले. पण त्यांच्याकडे कराचा नोंदणी क्रमांक नव्हता. आमच्या खजिनदारांनी मान हलवली, ''मास्तर, सरकारी पैसा आहे. क्रमांक नाही म्हणजे बिल चालायचे नाही.''

वास्तविक हाताने घडवलेल्या देशी वाद्यांना वस्तू व सेवा करातून सूट आहे, आणि जो केवळ सूट असलेलाच माल विकतो त्याला नोंदणीची सक्तीही नाही. त्याचे साधे बिल पुरेसे असते. हे आम्हांपैकी कोणी पाहिले नाही. मी कारागिरांना नकार कळवला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ''मास्तर, वाद्यात काही खोट निघाली असती तर बोललो असतो. कागदाला आम्ही काय बोलणार?'' मग आम्ही गावातल्याच एका व्यापाऱ्याकडून चार तंबोरे घेतले, प्रत्येकी ३६,००० ला. बिल छापील, क्रमांक ठळक, शिक्का गोल. तंबोरे घरी आल्यावर मी एक उलटा करून पाहिला. आत त्याच मिरजेच्या कारागिरांची चिठ्ठी होती. एका तंबोऱ्यामागे साडेचार हजार, चार मिळून अठरा हजार रुपये आम्ही केवळ कागदासाठी मोजले होते.

इतकेच असते तर अज्ञान म्हणून सोडून दिले असते. परंतु तपासनिसांचा पुढचा प्रश्न होता, ''या व्यापाऱ्याचे मंडळातील कोणाशी नाते?'' खोलीत शांतता पसरली. तो व्यापारी आमच्या एका सभासदांचा साडू निघाला. हे सर्वांना ठाऊक होते, आणि म्हणूनच कोणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. त्या सभासदांनी एक पैसाही घेतला नाही, याची मला खात्री आहे. पण खरेदी ठरली त्या बैठकीत ते बसले होते, आणि ''आपलाच माणूस आहे'' हे वाक्य त्यांचेच होते. अमेरिकेच्या नियमांत असे स्पष्ट आहे, की ज्याचा किंवा ज्याच्या जवळच्या कुटुंबीयांचा हितसंबंध आहे त्याने निवडीत भाग घेऊ नये. हितसंबंधाचा नुसता आभास असला तरी पुरे. साडू जवळच्या कुटुंबात धरावा की नाही, याचा वाद वकिलांनी घालावा. आमच्या जुन्या शहरांत मात्र प्रत्येकजण कोणाचा तरी साडू, मेहुणा नाहीतर मावसभाऊ असतोच. नात्यातल्याकडून घ्यायचेच नाही म्हटले तर दुकाने बंद करावी लागतील. घ्यावे, पण नाते आधी सांगावे, बैठकीतून उठून जावे, आणि ते कार्यवृत्तात लिहावे. एवढे केले असते तर प्रश्नाला उत्तर असते.

येथे मला वडिलांची आठवण होते. ते दरबारी वादकांच्या शेवटच्या पिढीतले. बडोद्याच्या कलावंत कारखान्याला छापील नियम होते, हे येथील जुन्या घराण्यांस ठाऊक आहेच. सयाजीराव महाराजांनी कलावंतांनासुद्धा नियमांत बसवले, म्हणून काही बुजुर्ग कुरकुरत असत. वडील म्हणत, ''नियम वाईट नव्हते. वाईट असे ते दप्तरातल्या माणसाने नियम वाचायचा आणि माणूस वाचायचा नाही, हे.'' लहानपणी मला हे केवळ एका कलावंताचे गाऱ्हाणे वाटे. आज मीच दप्तरातला माणूस झालो तेव्हा त्याचा अर्थ कळला. मिरजेच्या कारागिरांच्या बाबतीत आम्ही नसलेला नियम वाचला, आणि साडूच्या बाबतीत असलेला वाचला नाही.

या सगळ्यातून निघणारे अनुमान सरळ आहे. पुरवठादाराची पारख करण्याच्या नियमाला तीनच प्रश्न विचारायचे असतात : याच्यावर बंदी आहे का, याचे आपल्याशी नाते आहे का, आणि भाव रास्त आहे का. बाकीचे कागद हे या तीन प्रश्नांच्या उत्तरांचे साक्षीदार. साक्षीदार पुष्कळ जमवले आणि प्रश्नच विचारले नाहीत, तर दप्तर जाड होते, व्यवहार शुद्ध होत नाही. उलट त्या कागदांच्या चाळणीतून जो गळतो तो बहुधा लबाड नसतो. लबाडाचे कागद नेहमी चोख असतात. गळतो तो हातावर पोट असलेला कारागीर, आणि त्याच्या जागी मधला व्यापारी येतो. ज्या पैशाने कला जगवायची, त्याच पैशाने कारागीर दूर लोटला जातो.

यावर उपाय दोन्ही बाजूंनी हवा. सरकारने मंजुरीपत्रातल्या त्या एका ओळीऐवजी एक पान द्यावे. कोणत्या रकमेपर्यंत नुसता दाखला पुरे, कोणत्या रकमेपासून यादी पाहायची, ती यादी कोठे आहे, आणि नोंदणीची सक्ती नसलेल्या कारागिराचे साधे बिल चालेल, हे मराठीत, गुजरातीत, हिंदीत लिहावे. बंदीच्या याद्या एकाच ठिकाणी पाहता येतील अशी सोय करावी. याला कायदा बदलावा लागत नाही.

आणि आपण संस्थांनी एक वही ठेवावी. खरेदीपूर्वी विक्रेत्याचे नाव, यादी कोणत्या दिवशी कोणी पाहिली, काय दिसले, भाव कोठे कोठे विचारले आणि मंडळातील कोणाचे काय नाते, एवढे पाच रकाने. ते भरायला दहा मिनिटे लागतात. आमच्या संस्थेने हे सुरू केले आहे. अठरा हजारांचा फरक मंडळाने स्वतःच्या निधीतून अनुदानाच्या खात्यात भरला. त्यातला मोठा वाटा त्या सभासदांनी, कोणी न सांगता, आणून दिला. मिरजेच्या कारागिरांना मी स्वतः पत्र लिहिले, आणि पुढल्या खेपेच्या दोन तंबोऱ्यांची मागणी त्यांच्याकडे थेट नोंदवली. त्यांचे साधे, हाताने लिहिलेले बिल वहीला टाचलेले आहे. तपासनीस पुन्हा येतील तेव्हा ते त्यांना मी प्रथम दाखवणार आहे.