मुकादम दारात, सरकार पेणला

दिवाळी सरली की कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्या ओस पडतात. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली कुटुंबे पोराबाळांसह वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. सरकारी शिबिरे, सर्वेक्षणे मात्र बहुधा याच मधल्या काळात! झोपडीला कडी दिसली की 'लाभार्थी अनुपस्थित'.

कातकरी हे राज्यातील तीन विशेष दुर्बल आदिम जमातींपैकी एक. त्यांच्यासाठी नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राची 'पीएम-जनमन' योजना सुरू झाली. त्याआधी, 2020 मध्ये, राज्यात खावटी कर्जाऐवजी (पावसाळ्यातील उदरनिर्वाहासाठीचे कर्ज) 4,000 रुपयांचे अनुदान जाहीर झाले : निम्मे खात्यात, निम्मे वस्तुरूपात. त्या वस्तूंत डाळी, तेल, साखर होती. गरम मसालाही होता. ज्या घरात नाचणीची भाकरी आणि सुकटीचं कालवण शिजतं, तिथे ही यादी कोणाला विचारून केली?

खरी स्पर्धा मुकादमाशी आहे. तो आषाढात, हाताला काम नसताना, जातीचा दाखला न मागता रोख उचल मोजतो. ती फेडायला अख्खा हंगाम राबावे लागते, हे ठाऊक असूनही लोक घेतात, कारण पैसा वेळेवर मिळतो. सरकारी मदतीसाठी मात्र पेणच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयापर्यंत फेऱ्या.

तेव्हा दाखले, आधार आणि रेशनकार्डाची शिबिरे जूनमध्ये, वाडीतच, संध्याकाळी भरवावीत. लाभार्थ्यांची यादी तिथेच मोठ्याने वाचावी. कोण सुटले ते बायका लगेच सांगतील. खावटीही उचल घेण्याआधी, आषाढ लागतानाच हाती पडावी, आणि तिच्यात नाचणी असावी.