ऐकण्याचेही पैसे द्या

लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारा एक तरुण गेल्या मे महिन्यात चादरीत गुंडाळलेला संगणकाचा कॅबिनेट घेऊन नारायण पेठेतल्या माझ्या दुकानात आला. ‘काका, आतून पाणी वाहिल्यासारखा आवाज येतो, आणि रेंडरला लावलं की मशीन बंद पडतं,’ म्हणाला. आधी जिथे दाखवलं तिथे त्याला नवा कूलर आणि नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असा 19 हजारांचा आकडा सांगितला होता. मशीन चालू करून कोणी पाहिलं का, विचारलं. नाही, म्हणाला.

मी छताचा पंखा बंद केला, शटर अर्धं खाली ओढलं आणि बटण दाबलं. पहिलं अर्धं मिनिट गुडगुड. मग गुडगुड विरली आणि तिच्या जागी कोरडी घरघर सुरू झाली, ती थांबेना. आवाज प्रोसेसरवर बसवलेल्या पंपातून येत होता. बाजूचा पत्रा काढला, तर कारण समोरच होतं. महिन्याभरापूर्वी त्याने नवा कॅबिनेट घेतला होता आणि जुळणी करणाऱ्याने कूलरचा रेडिएटर तळाला बसवला होता.

पाण्यावर चालणाऱ्या बंद कूलरमध्ये थोडी हवा असतेच. ती सगळ्यात उंच जागा शोधते. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला असला, तर ती त्याच्या वरच्या टोकाला जाऊन पडून राहते, कोणाला त्रास देत नाही. रेडिएटर तळाला गेला की सगळ्यात उंच जागा पंपाची, म्हणून हवा पंपात. त्या चिमुकल्या पंपाचं बेअरिंग आतल्या द्रवानेच ओलं राहतं. हवेत फिरलं की झिजतं. शिवाय पाणी फिरत नाही, मग उष्णता प्रोसेसरपाशीच साचते. 100 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला की प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद करतो.

रेडिएटर वर बसवला. मशीन चालू ठेवून कॅबिनेट हळूहळू या कुशीवर, त्या कुशीवर कलवला. दहा मिनिटांत हवा वर निघून गेली, पंप गप्प झाला. रेंडर लावून पाहिलं, तापमान 74 अंशांवर थांबलं. नवा भाग एकही लागला नाही. मी 600 रुपये मागितले. त्याने लगेच दिले, पण बरोबर आलेला मित्र म्हणाला, ‘नुसतं खालचं वर केलं, त्याचे सहाशे?’

हा लेख त्या मित्रासाठी आहे. तो वाईट मुलगा नव्हता. आपण सगळे त्याच्यासारखाच विचार करतो: वस्तू बदलली तर पैसे, नाही बदलली तर कसले पैसे? दुरुस्तीच्या धंद्याची निम्मी नासाडी या एका सवयीने केली आहे, असं माझं 22 वर्षांच्या अनुभवावरून ठाम मत झालं आहे. दोष शोधण्याला मोल नसेल आणि भाग बदलण्याला असेल, तर दुकानदार भागच बदलणार. त्याच्याही घरी चूल आहे.

माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे आणि दुरुस्त करणारे, होते. चोवीस साधे माग एका शेडमध्ये चालू असले की शेजारच्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. त्या खडखडाटात वडील दाराशी क्षणभर उभे राहायचे आणि सांगायचे, तिसऱ्या रांगेतल्या शेवटच्या मागाचा ठोका उशिरा पडतोय, धोटा अडकायच्या आत बघा. मोटरचं बेअरिंग तपासायचं असेल, तर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगाला आणि मूठ कानामागच्या हाडाला टेकवायचे. मालक त्यांना पगार द्यायचा तो या कानाचा. नवा भाग कुठे मिळतो, हे मालकालाही ठाऊक होतं.

कॅबिनेटमध्ये पोलादी स्क्रूड्रायव्हर घालणं धोक्याचं, म्हणून मी वडिलांच्याच शेडमधली दुसरी वस्तू वापरतो: सूत संपल्यावर उरणारा पुठ्ठ्याचा कोन. अरुंद तोंड कानाला, रुंद तोंड पंपाकडे, मग एसएमपीएसकडे, मग एकेका फॅनकडे. वीज वाहत नाही, वजन नाही, आणि चार बोटांच्या अंतरावरचे दोन आवाज तो वेगळे करून दाखवतो.

ऐकण्याच्या कामी आपली भाषा फार उपयोगाची आहे. गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, ‘खळखळ होते,’ तेव्हा निम्मं निदान झालेलं असतं: द्रवात हवा आहे. घरघर म्हणजे बेअरिंग, पंपाचं किंवा फॅनचं. एका लयीतली टकटक म्हणजे बहुतेक वेळा एखादी वायर फॅनच्या पात्याला लागते आहे; पण टकटक अनियमित असेल आणि मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर बाकी सगळं सोडून आधी डेटा दुसरीकडे काढून घ्या. बारीक, दात शिवशिवणारी शीळ ग्राफिक कार्डाच्या किंवा एसएमपीएसच्या कॉइलची. ती विजेच्या ओढीबरोबर चढते-उतरते आणि तिच्यामुळे सहसा काही बिघडत नाही. चुरचुर आणि जळका वास एकत्र आले, किंवा आत द्रवाचा थेंब दिसला, तर मशीन रीतसर शटडाउन करत बसू नका, भिंतीवरचा स्विच बंद करा. इतके शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडी असतात, आणि सर्व्हिसच्या कागदावर त्या सगळ्यांचा एकच शब्द होतो: नॉइज. त्या कागदावरून पुढचा माणूस काय शोधणार?

एक आवाज तर असा आहे की त्यात बिघाड काहीच नसतो, तरी त्यापायी धडधाकट कूलर बदललेले मी पाहिले आहेत. रेडिएटरवरचे दोन फॅन एकसारखे दिसतात, पण फिरतात किंचित वेगळ्या गतीने. एक मिनिटाला 1200 फेरे, दुसरा 1180. नऊ पात्यांचा फॅन असेल, तर पहिल्याचा सूर सेकंदाला 180 कंपनांचा, दुसऱ्याचा 177 चा. हे दोन सूर एकमेकांवर पडले की सेकंदाला तीन वेळा आवाज फुगतो आणि बसतो: वूँ, वूँ, वूँ. मिरजेत तंबोरा जुळवताना ज्याने जोडीच्या तारा ऐकल्या आहेत, त्याला हे लगेच कळेल. तार किंचित उतरलेली असली की अशीच लाट येते, आणि जुळली की विरते. फॅनच्या बाबतीत तार पिळण्याऐवजी बायोसमध्ये जाऊन एका फॅनची गती थोडी दूर न्यायची, म्हणजे लाट मोडते. दोन मिनिटांचं काम. पण त्यासाठी आधी ती लाट आहे, बेअरिंग नाही, हे कानाला कळायला हवं.

2019 मध्ये माझ्या हातूनही एक मोठी चूक झाली. एका आर्किटेक्ट मॅडमच्या मशीनमधून बारीक शीळ येत होती. कूलर चार वर्षांचा होता. मी पंपालाच दोषी धरलं आणि नवा कूलर बसवला. आठवड्याने त्यांचा फोन आला: शीळ तशीच आहे. त्यांच्या ऑफिसात जाऊन टेबलाशी बसलो. त्या पडद्यावर इमारतीचं मॉडेल फिरवायच्या तेव्हाच शीळ यायची, हात थांबला की बंद. ग्राफिक कार्डाची कॉइल. सॉफ्टवेअरमध्ये सेकंदाला किती चित्रं काढायची याची मर्यादा घातली आणि शीळ जवळजवळ ऐकू येईनाशी झाली. पैसे मी परत केले, पण त्यांचा आठवडा मला परत करता आला नाही. ‘आवाज कधी येतो?’ हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. थंड मशीन चालू करताना येतो, काम वाढल्यावर येतो, की सतत? आता ते विचारल्याशिवाय स्क्रू उघडत नाही.

घरी पाहणाऱ्यांना एवढं सांगेन. पंपाचं कनेक्शन चालू मशीनवर काढून ‘आवाज थांबतो का’ असं बघू नका, प्रोसेसर काही सेकंदांत तापतो. बायोसमध्ये पंपाचे आणि फॅनचे फेरे आकड्यांत दिसतात, ते वहीत लिहा. एकेका फॅनची गती कमी करून कान द्या. आणि कूलरला हात लावा: प्रोसेसर 95 अंशांवर असताना रेडिएटर थंडगार लागत असेल, तर बहुधा पाणी फिरत नाहीये, मग आवाज येवो वा न येवो. रेडिएटरही चांगला तापला असेल, तर पाणी फिरतंय. मग पत्र्यांमधली धूळ बघा. पुण्यात रस्त्याकडेच्या घरांत आणि देवघराच्या खोलीत ठेवलेल्या मशीनमध्ये ही धूळ तेलकट होऊन बसते, नुसत्या फुंकरीने निघत नाही.

आता कूलर बनवणाऱ्यांबद्दल. पाण्याने संगणक थंड करणं हे काही रंगीत दिव्यांच्या मशीनचं खूळ नव्हे. 1985 चा क्रे-2 हा महासंगणक तर द्रवात बुडवूनच ठेवलेला असे, आणि आपल्या पुण्यातच आयसर या विज्ञानसंस्थेत 2019 साली बसवलेला परम ब्रह्म हा महासंगणक पाण्यानेच थंड होतो. माझी तक्रार पाण्याबद्दल नाही, बंद झाकणाबद्दल आहे. रबराच्या नळीच्या अंगातून पाणी वर्षानुवर्षं अगदी थोडं थोडं उडून जातं. गळती नसते, ओल दिसत नाही, पण पाच-सहा वर्षांनी आतली पातळी उतरते आणि हवेची जागा वाढते. प्रोसेसरवरची चकती तांब्याची आणि रेडिएटर बहुतेकदा ॲल्युमिनियमचा. या दोन धातूंचं एका पाण्यात पटत नाही. गंज रोखणारं द्रव्य घातलेलं असतं, तरी ते थकलं की गाळ धरतो आणि तांब्यातल्या केसाएवढ्या फटी तुंबतात. म्हणजे निम्म्याहून जास्त म्हाताऱ्या कूलरना हवं असतं ते थोडं द्रव आणि एक धुणं.

आणि ते देण्यासाठी बहुतेक कूलरना साधं भोकच ठेवलेलं नसतं. उघडलं की वॉरंटी गेली. धडधाकट फॅन, धडधाकट रेडिएटर, सगळं भंगारात. भरणतोंड ठेवणं अवघड आहे, हे मला कोणी सांगू नये: अल्फाकूलच्या आइसबेअरला आणि बी क्वाएटच्या प्युअर लूपला ते दिलेलं आहे. केंद्र सरकारने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल-टॅबलेट, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं अशी चार क्षेत्रं आधी धरली. टेबलावरच्या संगणकाचं नाव त्यांत वेगळं घेतलेलं नव्हतं. ते घ्यायला हवं. द्रव भरता येईल असं तोंड, सुटा मिळणारा पंप, आणि खोक्यावरच मराठीसह आपल्या भाषांत एक चित्र: रेडिएटर कुठे बसवायचा, कुठे नाही. त्या तरुणाच्या मशीनची जुळणी करणाऱ्याने असं चित्र पाहिलं असतं, तर पंपाचं बेअरिंग महिनाभर कोरडं फिरलं नसतं.

दुकानात मी आता पाटी लावली आहे: ‘तपासणी 300 रुपये. दुरुस्ती केल्यास बिलातून वजावट नाही.’ दुसऱ्या ओळीवर लोक अडतात. इतर ठिकाणी वजा करतात, म्हणतात. मीही पूर्वी करायचो. पण वजावट केली की ऐकणं पुन्हा फुकट होतं, आणि दुरुस्तीचं बिल निघालं तरच माझी सकाळ भरून येते. मग कान नकळत भाग बदलण्याचं कारण ऐकायला लागतो. तो मोह मला माझ्यापुरता मिटवायचा होता.

परवा कराडहून एका मुलीचा फोन आला. इंजिनीअरिंगला आहे, मशीन भावाने पुण्याहून पाठवलेलं. ‘दादा, चालू केल्यावर दोन मिनिटं गुडगुड, मग एकदम गप्प. दिवसभर काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा.’ रेडिएटर वर आहे का, विचारलं. आहे. काम करताना तापमान? 70. फोन मशीनजवळ धरायला सांगितला, ऐकलं. प्रवासात हलून हवा सुटी झाली आहे, कॅबिनेट कसा कलवायचा ते सांगितलं, आणि काही विकत घेऊ नकोस म्हटलं.

‘तीनशे कुठे पाठवू?’ तिनेच विचारलं. मी नंबर दिला.